मुलाला न दिलेली बोली

एल्स्पेट मेअर मांजराशी एका भाषेत बोलायची आणि पोटच्या मुलाशी दुसऱ्या. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्टस्केअरमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर हसून हसून लोक थकलेही होते. मांजर, धक्क्यावरचे सीगल, पाववाला, पाद्री, शाळेच्या जेवणघरात तिच्यापुढे ताट धरणारी पोरं, सगळ्यांशी ती आमच्या किनाऱ्याच्या बोलीत बोले. भरभरून, हातातला डाव हलवत, मधूनच एखादी शिवी हासडून. पण इनिस घरात आला की तिची पाठ ताठ व्हायची, ओठ आवळले जायचे आणि तोंडातून इंग्रजी बाहेर पडायचं, एकेक शब्द धुऊन पुसून मांडल्यासारखं.

मी तिची समोरची शेजारीण. लग्न होऊन पर्थहून इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती दारात उभी. हातात कागदी पिशवी, पिशवीत बटऱ्या, म्हणजे आमच्याकडचे खारट चपटे पाव.

"घे गं पोरी, गरम हायती. ह्या घरात शेगडी पेटाया लई येळ लागतोय. आदीची बाई थंडीनंच गेली म्हनत्यात. घाबरू नगंस, म्हातारी व्हती."

मला निम्मं कळलं नाही. उरलेलं निम्मं कळलं म्हणून मी घाबरले. पण तेव्हापासून तिचं स्वयंपाकघर हे माझ्या मुलांचं दुसरं घर झालं. मी कामावरून येईपर्यंत दोघं तिच्याकडे असत. धाकटी आयोना तर बोलायलाच तिच्या ओट्यापाशी शिकली.

आमच्या गावात निम्मी घरं मेअर आणि निम्मी स्लेटर. म्हणून प्रत्येक घराला एक जोडनाव असतं आणि हाक त्यानेच मारतात. एल्स्पेटच्या नवऱ्याचा आजा एकदा वादळात बोटीवरून पडला आणि मिनिटभराने बुचासारखा वर आला. त्या दिवसापासून ते मेअर 'बूच'. नवऱ्याचं नाव जीम्सी. मासेमारीच्या बोटीवर होता. कमी बोलणारा, मोठ्या पंजांचा.

इनिस जन्मला तेव्हा एल्स्पेट इस्पितळातून घरी आली आणि बाळाला पाळण्यात ठेवायच्या आधी नवऱ्याला म्हणाली, "ह्येच्याशी ह्या घरात आपली बोली बोलायची न्हाय. इंग्रजी बोलायचं."

"मग म्या काय बोलू? मला इंग्रजी येतंय ते निस्तं रेडिओवरच्या हवामानाचं."

"मग तेवढंच बोल."

ही थट्टा नव्हती. बाप मुलाशी खरोखर तेवढंच बोलला. "आज वारा वायव्येकडून आहे, इनिस." "संध्याकाळपर्यंत जोर वाढण्याची शक्यता आहे, इनिस." मुलगा मान हलवायचा. जीम्सी छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा इनिस एकोणीस वर्षांचा होता, आणि बापलेकांचं उभ्या जन्माचं बोलणं हवेवर झालेलं होतं.

हे सगळं कशासाठी, ते गावात कुणाला विचारावं लागत नसे. एल्स्पेटच्या वयाच्या सगळ्यांनी शाळेत चामड्याचा पट्टा खाल्ला होता. बोलीतला एक शब्द तोंडून निसटला की मास्तरीणबाई टेबलाचा खण उघडायच्या आणि म्हणायच्या, हात पुढे. डॉड स्लेटर, म्हणजे 'डांबर' स्लेटर, तिच्याच वर्गातला. खाल्लेल्या माराच्या गोष्टी तो रंगवून रंगवून सांगायचा, जणू काही पदकं मिळाली होती. एल्स्पेट त्यात कधी पडली नाही. कुणी विषय काढला की ती उठून बटाटे सोलायला घ्यायची. आपल्या मुलाच्या हातावर तो पट्टा बसू नये, एवढंच तिला हवं होतं. ज्याच्या तोंडात बोलीच नाही त्याला कोण मारणार? मी स्वतः दोन मुलांची आई आहे. हा हिशेब मला पहिल्यांदा ऐकताच पटला होता, आणि अजूनही मी त्यातली चूक नेमकी कुठे आहे ते दाखवू शकत नाही.

इनिसच्या हातावर शाळेत कधी पट्टा बसला नाही. मार बसला तो मधल्या सुट्टीत, मैदानाच्या भिंतीपाशी, आणि तो पोरांकडून. आमच्याकडे पाव दोन प्रकारचा मिळतो. एक साधा, करपल्या सालीचा. दुसरा पॅन-लोफ, मऊ सालीचा, जरा महाग, पाहुण्यांसाठी आणायचा. जो उगाच साहेबासारखं बोलतो त्याला लोक पॅन-लोफ म्हणतात. कोळ्याचा पोरगा, बापाच्या अंगाला माशांचा वास आणि तोंडात पॅन-लोफ! पोरांना आणखी काय हवं? घरी आल्यावर इनिस म्हणायचा, "पडलो." एल्स्पेट म्हणायची, "सावकाश चालत जा, इनिस." बोलीत ती काय म्हणाली असती, कुणाच्या दारात जाऊन काय काय शिव्या घातल्या असत्या, ते मी पाहिलेलं आहे. माझ्या थोरल्याला कुणीतरी ढकललं तेव्हा तिने अख्खी गल्ली गोळा केली होती.

इनिस शिकला, एडिनबराला गेला, तिथे इतिहासाचा प्राध्यापक झाला. एक देश स्वतःला देश कधीपासून म्हणायला लागतो, कशावरून म्हणतो, हा त्याचा विषय. झेंड्यांवर, जुन्या करारांवर, भाषेवर तो लिहायचा. एल्स्पेट त्याची पुस्तकं पुढच्या खोलीत चिनी मातीच्या कुत्र्यांशेजारी ठेवायची आणि धूळ झटकायची. वाचली होती का, मला माहीत नाही.

मग ते दोन हजार चौदा साल आलं. स्वतंत्र स्कॉटलंड हवा की नको, याचं मतदान सप्टेंबरात होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली माणसं कमी आणि खिडक्या जास्त बोलत होत्या. एका खिडकीत 'हो', शेजारच्या खिडकीत 'नको'. मॅगी स्लेटरच्या घरात वरच्या खिडकीत 'हो' होतं आणि खालच्या खिडकीत 'नको', आणि नवराबायको जिन्यात भेटत तेवढेच. एल्स्पेटच्या खिडकीत जेरेनियमची कुंडी होती.

ऑगस्टमध्ये कोळ्यांच्या सभागृहात एका गुरुवारी सभा ठरली. 'हो'वाल्यांकडून बोलायला इनिस येणार होता. चार दिवस आधीच तो आला.

तो आला तेव्हा मी आयोनाला न्यायला एल्स्पेटकडे गेले होते. आयोना स्टुलावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती आणि एल्स्पेट तिच्याशी भांडत होती.

"ह्या बोक्याला काय घातलंस गं? प्वाट बघ त्येचं, लग्नाला जाऊन आल्यागत."

"म्या न्हाय! त्यानंच मासा पळिवला!"

"पळिवला आन तू काय करत व्हतीस? टाळ्या पिटत व्हतीस?"

दार उघडं होतं. इनिस उंबऱ्यावर कधी येऊन उभा राहिला ते आम्हाला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण खिडकीबाहेरून दुसऱ्याच्या घरचं जेवण बघावं तसं. एल्स्पेटने मान वळवली, हात पुसले, आणि एका श्वासात तिचा आवाज बदलला.

"इनिस. तुझा प्रवास सुखाचा झाला का?"

आयोनाने इकडेतिकडे पाहिलं. कोण बोललं ते तिला कळेना. मग ती खिदळली. "एल्स्पेट, तू रेडिओगत का बोलतियास?"

मी तिचा हात धरून तिला उठवलं. पण इनिसने ते ऐकलं होतं. तो आईला म्हणाला, "तिच्याशी बोलत होतीस तसं माझ्याशी बोल ना."

"मी नेहमी अशीच बोलते."

"आई."

"सूप घेतोस का? हॅडॉक माशाचं आहे. निवून जाईल."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा तो ताटलीकडे बघत बसला होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून उगाचच शेगडी पुसत होती. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. बसली नाही, चहा घेतला नाही.

"सभेत त्यो बोलीत बोलनार हाय."

"इनिस? त्याला कुठे येते?"

"शिकलाय. एडिनबराला संध्याकाळचा वर्ग असतोय म्हनं. पैसं भरून शिकलाय गं! माज्या तोंडात फुकट पडलेली." ती थांबली. "आन त्यो 'व्हिट' म्हनतोय."

पर्थची असूनही मला कळलं. स्कॉटलंडात बहुतेक ठिकाणी 'काय' म्हणायचं तर 'व्हिट' म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर म्हणतात 'फिट'. कोण, कुठे, कधी, सगळीकडे आमच्या तोंडी 'फ' येतो. हे कुणी शिकवत नाही. तीन वर्षांचं पोरसुद्धा 'व्हिट' म्हणणाऱ्याकडे वळून बघतं, की हा कुठला बाबा? आणि इनिस पोर्टस्केअरच्या सभागृहात, मेअर आणि स्लेटर भरलेल्या खुर्च्यांपुढे, आपल्या गावची भाषा म्हणून 'व्हिट' म्हणणार होता.

"वर खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करतोय. व्हिट, व्हिट, व्हिट. बदक पाळल्यागत वाटतंय."

"मग सांग त्याला. 'इनिस, फिट म्हण.' एवढंच."

"म्या जिन्यापातूर गेल्ते. काल दोनदा, आज सकाळी एकदा. तोंड उघडलं." तिने डोळे मिटले. "आन म्हनलं, 'चहा हवा आहे का?' तीन कप प्यालाय त्यो."

मला हसू आलं. तीही हसली, पण लगेच तिने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला.

"हसतील गं त्येला. डॉड तर सोडनार न्हाय. लहानपनी इंग्रजीवरनं हानला, आता बोलीवरनं हसतील. आन दोनी येळेला कारन म्याच."

"मी सांगू का त्याला?"

"न्हाय! तू नगंस. तू सांगितलंस तर त्येला कळंल की मला ठावं हाय आन म्या बोलले न्हाय. म्याच सांगीन. गुरवारपातूर सांगीन."

बुधवारी सकाळी तिने खरंच प्रयत्न केला. न्याहारी वाढली, समोर बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले. "इनिस, तुझ्या भाषणाबद्दल. तो जो शब्द आहे. तुझा उच्चार..." मुलाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत इतकी आशा होती, हे तिनेच मला सांगितलं, की तिच्या तोंडून निघालं, "फार छान आहे." इनिस लाजला. म्हणाला, "खरंच? तुला आवडलं?" ती म्हणाली, "हो. अगदी अस्सल आहे." आणि मग ती परसात जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागली. ते ओलेच होते.

गुरुवारी सभागृह भरलं. 'हो'वाले डावीकडे, 'नको'वाले उजवीकडे, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच बसले. मागे चहाची मोठी किटली उकळत होती. एल्स्पेट तिसऱ्या रांगेत, अंगात चर्चला जायचा कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी तिच्या शेजारी. डॉड स्लेटर मागच्या भिंतीला टेकून उभा, डोक्यावर टोपी.

इनिस उभा राहिला. त्याने आधी खाली आईकडे पाहिलं आणि हसला. मग म्हणाला, "गड्यांनो! व्हिट हवंय आपल्याला?"

मागून डॉड ओरडला, "आदी 'फिट' हवंय!"

सभागृह फुटलं. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे हसले. त्या उन्हाळ्यात गावाने एकत्र केलेली ती पहिलीच गोष्ट असावी. कुणीतरी म्हणालं, "ग्लासगोची गाडी चुकली वाटतं." कुणीतरी, "पॅन-लोफवर जाम लावलाय गं बाय!" एल्स्पेट हसली नाही, हलली नाही. पर्सची कडी तिच्या बोटांत उघडत आणि मिटत होती.

इनिस लाल झाला, पण थांबला नाही. पाठ केलेलं होतं, ते पुढे नेत राहिला. तीनशे वर्षांपूर्वी आमच्या सरदारांनी आपली संसद लंडनला देऊन टाकली, तरी चर्च, कायदा आणि शाळा आपण आपल्या हातात ठेवल्या. त्या तिन्हींच्या जोरावर आपण देश म्हणून उरलो. मग त्याचा आवाज चढला. मूळ शब्द मला आता आठवत नाहीत, पण अर्थ असा होता की लंडनने आपल्या आयांच्या तोंडातली बोली हिसकावून घेतली, आणि ती परत मिळवायची वेळ आली आहे. डावीकडून टाळ्या पडल्या.

डॉडने टोपी काढली. या वेळी तो ओरडला नाही, आणि तेच वाईट झालं, कारण सगळे ऐकायला लागले.

"इनिस, लंडनचं कोन आलतं रं पोर्टस्केअरला? म्या तर कदी बघितलं न्हाय. मला पट्ट्यानं हानलं ते मिस लेगनं. तिचा बा बंदरावर हेरिंग माशांची पिपं बनवायचा. घरी ती बी आपलीच बोली बोलायची, आमी खिडकीतनं ऐकायचो. शाळा आपल्याच हातात ठेवली म्हनतोस न्हवं? बराबर हाय. आपल्याच हातात व्हती. आन पट्टा बी."

टाळ्या थांबल्या. इनिसने हातातला टिपणांचा कागद खाली ठेवला. तो इंग्रजीवर आला. त्याचं स्वतःचं, लहानपणापासूनचं इंग्रजी.

"मग मला ती का मिळाली नाही, मिस्टर स्लेटर? माझ्या वेळी मिस लेग निवृत्त झाल्या होत्या."

"त्ये म्या कसं सांगू? तुज्या आयला इच्यार. बसलीया की तिसऱ्या रांगेत."

डॉड दुष्ट नाही. त्या वाक्याचा शेवट तोंडातून जाताच त्याचा चेहरा पडला, मी पाहिलं. पण खुर्च्या करकरल्या होत्या आणि सगळं सभागृह वळून आमच्याकडे बघत होतं.

एल्स्पेट उठली. मला वाटलं, आता ही बोलीत बरसणार, डॉडच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, आणि सगळं मोकळं होणार. बहुतेक सगळ्यांनाच तसं वाटलं. तिने मागे डॉडकडे नाही, वर मुलाकडे पाहिलं. ओठ हलले. आणि टेलिफोन उचलल्यावर यावा तसा, बारीक आणि इस्त्री केलेला आवाज आला.

"माझ्या मुलाने यासाठी फार परिश्रम घेतले आहेत. कृपया आपण सर्वांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं. धन्यवाद."

मी लोकांच्या हसण्याची वाट बघत होते. कुणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या साठी उलटलेल्या बायका आपल्या कोटाची बटणं बघायला लागल्या. मॅगी स्लेटरचे दोन मुलगे अबर्डीनला असतात, दोघंही सुंदर इंग्रजी बोलतात. तिने रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. डॉडची मुलगी लंडनला नर्स आहे. फोनवर तो तिच्याशी कसा बोलतो, ते त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. हो म्हणणारे, नको म्हणणारे, झेंडा घेऊन आलेले, सगळ्यांच्या घरात एक तरी मूल असं वाढलेलं होतं. सगळा उन्हाळा आम्ही, इतरांनी आमचं काय नेलं किंवा काय दिलं, यावर घसा कोरडा केला होता. त्या मिनिटात कुणी मान वर केली नाही. चहाच्या किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.

इनिसने उरलेलं भाषण इंग्रजीत केलं. लोकांनी गरजेपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. ते आणखी वाईट वाटलं.

घरी जाताना मायलेक आमच्या पुढे चालत होते. मधे एक माणूस मावेल एवढं अंतर. उजेड अजून होता. दारात पोचल्यावर त्याने तिच्यासाठी दार धरलं आणि ती त्याला म्हणाली, "आभारी आहे." पाहुण्याला म्हणावं तसं.

शुक्रवारी दुपारच्या बसने तो गेला. बस वळणावरून दिसेनाशी झाली तशी एल्स्पेट सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली आणि मुलांच्या डब्यांजवळ बसली. सकाळी घरात काय झालं ते तिने मला बोलीत सांगितलं, एका दमात, कुठेही न अडखळता.

इनिसने न्याहारीला विचारलं होतं, "तुला माहीत होतं ना, मी चुकीचं म्हणत होतो ते?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, अस्सल आहे."

"हो."

"का, आई?"

मग तिने त्याला ती गोष्ट सांगायला घेतली, जी तिने डॉडच्या गप्पांत कधी सांगितली नव्हती, जीम्सीलाही सांगितली नव्हती. इंग्रजीतच सुरुवात केली. ती सात वर्षांची होती. मिस लेगने भिंतीवर एक चित्र टांगलं होतं. चित्रात शेत होतं, कोंबड्या होत्या, बादली घेतलेलं कुणीतरी होतं. मिस लेगने छडी त्या बादलीवालीवर ठेवली आणि विचारलं, एल्स्पेट, ही कोण आहे? आणि मी म्हणाले...

इथे ती अडकली. कारण इंग्रजीत ती गोष्ट पुढे जाईना. 'ही मुलगी आहे' असं इंग्रजीत म्हणाली असती तर मिस लेगने शाबास म्हटलं असतं. गोष्टच उरत नव्हती. इनिस वाट बघत होता.

"'क्वाइन हाय की बाई,'" एल्स्पेट म्हणाली. क्वाइन म्हणजे आमच्याकडे मुलगी. "त्यांनी परत इच्यारलं, काय? मला वाटलं, बाईंस्नी ऐकू आलं न्हाय. म्हनून म्या मोठ्यांदी सांगितलं. तरी परत इच्यारलं. मंग म्या वरडून सांगितलं, 'क्वाइन! क्वाइन हाय ती!' समदा वर्ग हसत व्हता. मला वाटलं, बाई भैऱ्या हायती म्हनून हसत्यात. म्या बी हसले."

तेवढं बोलून तिने तोंडावर हात ठेवला. मुलासमोर, त्याच्या बेचाळीस वर्षांत, पहिल्यांदा बोललेली ती चारपाच वाक्यं. मार किती बसला ते तिने सांगितलंच नाही, मलाही नाही. तिला जाळत होतं ते हसणं. आपण शहाण्यासारखं उत्तर देतोय असं समजून सगळ्यांबरोबर हसलो, ते.

इनिस खुर्चीवरून उठला नव्हता. म्हणाला, "पुन्हा म्हण."

"नको. कुणीतरी ऐकेल." हे इंग्रजीत.

"आई, घरात आपण दोघंच आहोत."

"हो. म्हणूनच."

त्याने मग आग्रह केला नाही. बॅग भरली. बसथांब्यावर दोघं उभे राहिले. बस दिसायला लागली तेव्हा त्याने विचारलं, "मुलीला क्वाइन. आणि मुलाला? मला काय म्हणाली असतीस?"

"पोरी, येवढा शिकलाला," एल्स्पेट मला म्हणाली, "त्येला ठावं नसंल व्हय? पैसं भरून शिकलाय. पयल्याच दिसी शिकवलं असंल. माज्या तोंडनं ऐकायचं व्हतं त्येला. तेवढंच."

"मग सांगितलंस?"

"सांगितलं की." तिने आयोनाचा रिकामा डबा उचलला, झाकण लावलं, काढलं. "'मुलगा' म्हनलं. इंग्रजीत. 'मुलाला आम्ही मुलगा असं म्हणतो, इनिस.' त्येनं मान हलिवली. बापाम्होरं हलवायचा तशी. आन चढला बसमदी."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. तिची नजर ओट्यावरच्या त्या डब्यावर होती आणि ओठ हलत होते.

"लून," ती म्हणाली. "लून. माजा लून. बघ, तुज्या म्होरं तोंडात येतोय."